संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद ठेवता येतील का?

प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतजवळच्या एका उद्योजकांचा आहे. द्राक्षाचं पॅकहाउस, त्याला लागून मटार आणि मका गोठवण्याचं छोटं युनिट, एचटी (उच्च दाबाचं) औद्योगिक कनेक्शन, छतावर सोलर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 'इतकी वर्षं रात्री दहानंतर सूट मिळायची म्हणून जड लोड आम्ही रात्री घेत आलो. आता सगळं उलटं झालं. दुपारी सूट आणि संध्याकाळी जादा आकार. मग संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद ठेवले तर चालेल का? माल खराब होईल का? आणि आमच्यासारख्या दोनशे केव्हीएच्या ग्राहकाने लोड सरकवून सौर-पवन विजेला खरंच मदत होते, की हा नुसता बिलाचा खेळ आहे?'

आधी थेट उत्तर देतो, मग कारणं. गोठवलेल्या मालाची खोली संध्याकाळी चार-पाच तास बंद ठेवता येते, खुशाल ठेवा. पॅक केलेल्या द्राक्षाची खोली मात्र ठेवू नका, तिथली बचत दुसऱ्याच जागी सापडते. आणि मदतीचं म्हणाल तर होते, पण तिची सुरुवात तुमच्या गावच्या सबस्टेशनपासून होते.

आता हे उलटं का झालं, ते. जुना टीओडी तक्ता, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणाऱ्या दराचा, तुम्हाला तोंडपाठ असेल: रात्री १० ते सकाळी ६ युनिटला दीड रुपया सूट, सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. हा तक्ता कोळशावर वीज करणाऱ्या संचांच्या सोयीने बेतलेला होता. आपल्या नाशिकजवळच्या एकलहरे वीज केंद्राचाच २१० मेगावॉटचा संच घ्या. तो रात्री बंद करून सकाळी चालू करायची गोष्ट नाही, बॉयलर थंड झाला की पुन्हा तापायला वेळही लागतो आणि तेलही जळतं. कमीत कमी ५५ टक्क्यांवर चालवायचा म्हटलं तरी ११५ मेगावॉट वीज रात्री दोन वाजताही बाहेर पडणार, आणि ती घ्यायला कुणीतरी हवं. म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांना सांगितलं, तुम्ही धातू रात्री वितळवा.

नंतर सौर वीज आली आणि दुपार भरून गेली. देशाची सौर क्षमता २०२५ च्या सुरुवातीला १०० गिगावॉटच्या पुढे गेली. आता दुपारी बारा-एकला वीज मुबलक असते, आणि पाच ते सातच्या दरम्यान ती भराभर ओसरते. नेमके त्याच वेळी लोक घरी येतात, दिवे-पंखे-एसी लागतात. त्या दोन तासांत तेवढी वीज दुसरीकडून उभी करायची, तर कोळशाच्या संचांना दुपारी दाबून ठेवायचं आणि संध्याकाळी पळवायचं, अशी कसरत करावी लागते. वीज बाजारात याचा आरसा दिसतो: चांगल्या उन्हाच्या दुपारी भाव पडतो, आणि टंचाईच्या दिवसांत संध्याकाळी तो दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तेव्हा हे एकट्या महावितरणच्या मनात आलं असं नाही. केंद्राने २०२३ मध्येच ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांचा दर निदान २० टक्के कमी आणि उद्योग-व्यापारासाठी कमाल मागणीच्या वेळेचा दर निदान १.२ पट ठेवायला सांगितलं. नेमके तास आणि टक्के राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशागणिक हलतात, त्यामुळे माझ्या किंवा कुणाच्याही लेखातल्या आकड्यावर शिफ्ट लावू नका. चालू महिन्याच्या बिलावरचा टीओडीचा तक्ता धरा. आणि एक आधीच तपासा: शीतगृह आणि प्रीकूलिंगची (ताजा माल साठवण्याआधी झटपट गार करण्याची) काही कनेक्शनं 'कृषी - इतर' वर्गात असतात. तुमचं औद्योगिक म्हणता, पण दोन मीटर असतील तर दोन्ही बिलं पाहा. एका मीटरला लागू असलेला हिशोब दुसऱ्याला लावून बसलेले लोक मी पाहिलेत.

इगतपुरीच्या पलीकडे घाटघरचा उदंचन प्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी वर चढवायचं, टंचाईला तेच खाली सोडून वीज करायची. यात शंभर युनिट घातले की सत्तर-ऐंशी परत मिळतात. तुमच्या उणे अठरा अंशांच्या खोलीकडे मी याच नजरेने पाहतो. फरक एवढाच की तुमचं 'धरण' आधीच बांधलेलं आहे, मालाने भरलेलं आहे आणि त्यासाठी कुणाची जमीन बुडालेली नाही.

'लवचीक मागणी' हा शब्द कागदावर बरा दिसतो. शॉपफ्लोअरवर आम्ही नुसतं 'लोड सरकवणं' म्हणतो. कुठला लोड सरकतो हे ओळखायची माझी एकच कसोटी आहे: वीज खर्चून जे तयार झालं ते कशात साठून राहतं का? गारवा बर्फात किंवा मालात साठतो, पाणी टाकीत साठतं, मटार बारदानात साठतो. दिव्याचा उजेड साठत नाही, आणि पॅकिंग हॉलमध्ये उभ्या असलेल्या बाईचा वेळही साठत नाही. साठतं ते सरकवा.

आता तुमची गोठवलेली खोली घेऊ. समजा आत दोनशे टन माल आहे. गोठलेल्या मटाराला एक अंश गरम व्हायला किलोमागे साधारण १.९ किलोज्यूल लागतात. म्हणजे दोनशे टनांना एक अंश चढायला शंभरावर युनिट इतकी उष्णता आत यावी लागेल. दार बंद असताना भिंती, छत आणि फरशीतून तासाला वीस युनिट उष्णता झिरपते असं धरलं, तर पाच तासांत माल सरासरी एक अंशाने चढतो. दुपारी खोली उणे बावीसपर्यंत नेऊन ठेवली असेल तर रात्री दहाला माल उणे एकवीसच्या आसपास सापडेल, आणि मर्यादा उणे अठराची आहे. भीती कशाची?

तरी भीती आहे. सरासरी एक अंश चढतो, पण दाराजवळच्या वरच्या थराची पेटी तीन-चार अंश चढू शकते, कारण हवा मालाच्या कितीतरी आधी तापते. भिंतीवरचा डिस्प्ले हवेचं तापमान दाखवतो, आणि ते उणे पंधरा दिसलं की सुपरवायझर घाबरून कॉम्प्रेसर चालू करतो. त्याचं चुकत नाही, त्याला दुसरं काही दिसतच नाही. म्हणून दाराजवळच्या एका पेटीत आणि खोलीच्या मधोमध एका पेटीत मालाच्या आत प्रोब (तापमान मोजणारी सळई) घाला आणि त्याचं वाचन डिस्प्लेशेजारी लावा. बंदच्या तासांत दार कुणी उघडायचं नाही, उघडायचंच असेल तर एकदाच. संध्याकाळी सहाला गाडी भरायची सवय असेल तर ती चारला आणा. हे जमत नसेल तर खोली बंद ठेवायचा विचार सोडून द्या, मी आग्रह करणार नाही.

पैशाचं खरं सांगतो, कारण या विषयात फुगवून सांगणारे फार. या खोलीतून रोजचे शंभरेक युनिट सरकतील. दुपार-संध्याकाळच्या दरात युनिटला तीन रुपयांचा फरक धरला तर वर्षाला लाखभर रुपये. वाईट नाही, पण यावर कुणी तुम्हाला आठ-दहा लाखांची 'स्मार्ट' प्रणाली विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा. पाचशे रुपयांचा टायमर आणि दोन चांगले प्रोब पुरतात.

मोठी बचत ब्लास्ट फ्रीझरमध्ये, म्हणजे गार हवेच्या झोताने ताजा माल झटपट गोठवणाऱ्या यंत्रात आहे. वीस अंशांचा मटार उणे अठराला न्यायला टनामागे जवळपास ९५ युनिट उष्णता काढावी लागते, त्यातला बराच मोठा भाग पाण्याचं बर्फ होतानाच. पंखे धरून विजेचे टनामागे सत्तर ते शंभर युनिट पडतात. दिवसाला पाच टन गोठवत असाल तर चार-पाचशे युनिट. तुम्ही आजवर हे रात्री घेत होतात. आता पहिली बॅच सकाळी नऊच्या सुमाराला लावायची आणि शेवटची अशी लावायची की पाचच्या आत पंखे बंद होतील. यात अडचण विजेची नाही, शेंगा कधी येतात त्याची आहे. मटार सकाळी सोलून, ब्लांच होऊन (गरम पाण्यातून काढून) तयार होतो दुपारी दोनला. आदल्या संध्याकाळी आलेला माल रात्रभर चार अंशांना ठेवून सकाळी घेता आला तर दोन बॅच उन्हात बसतात. गोडी थोडी उतरते हे मान्य. तुमचा खरेदीदार काय म्हणतो ते विचारून ठरवा.

दुपारच्या गणितात एक खोट आहे, तीही सांगून ठेवतो. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३९ अंश असताना कॉम्प्रेसर रात्रीपेक्षा जास्त वीज खातो, आणि खोली आणखी खाली न्यायची म्हटलं की अंशामागे दोन-तीन टक्के वेगळे. म्हणजे एकूण युनिट वाढतील आणि बिल उतरेल. हे ऐकून ऊर्जाबचतीचे जुने शिलेदार कपाळाला हात लावतात. मीही लावायचो. पण दुपारी फुकट जाणाऱ्या विजेचे दहा युनिट जास्त गेले आणि संध्याकाळी कोळशाचे शंभर वाचले, तर तो सौदा मला पटतो. तुमच्याकडे इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सर (पाणी शिंपडून उष्णता बाहेर टाकणारा) असेल तर फटका आणखी कमी, कारण आपली उन्हाळी हवा कोरडी आहे आणि पाणी तिच्यात चांगलं थंड होतं. पाणी मात्र क्षाराचं असेल तर नळ्या आधी साफ करा. क्षार चढलेल्या कंडेन्सरवर टीओडीचा हिशोब मांडणं म्हणजे फुटक्या घागरीने पाणी मोजणं.

आणखी एक, अगदी हाताशी असलेलं: डिफ्रॉस्टचे, म्हणजे खोलीतल्या कॉइलवर साचलेला बर्फ वितळवणारे हीटर. बहुतेक ठिकाणी टायमर बसवणाऱ्याने जे तास लावले तेच वर्षानुवर्षं असतात, आणि त्यातला एक हमखास संध्याकाळी सात-आठला सापडतो. खोली आत गार करायची आणि त्याच वेळी आत हीटर लावायचा, तोही सर्वांत महाग तासाला. उद्याच बदला. पॅलेट ट्रकच्या बॅटऱ्याही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत चार्ज होऊ द्या.

आता द्राक्ष. इथे मी स्वतः पोळलोय. काही वर्षांपूर्वी एका पॅकहाउसला मीच सल्ला दिला होता की संध्याकाळी सहा ते दहा स्टोरेज खोली बंद ठेवा. कागदावर सगळं बरोबर होतं. शंभर टन द्राक्ष, शून्य ते एक अंश, तासाला पंधरा युनिट उष्णता. चार तासांत घड जेमतेम अर्ध्या अंशाने चढणार. पण त्या संध्याकाळी कंटेनर लागला. दार उघडझाप झालं, बाहेरची दमट हवा आत आली आणि थंडगार घडांवर दव धरलं. पेटीत घडांवर सल्फर पॅड ठेवलेलं असतं, ते ओलाव्याने गॅस सोडतं. ओलावा जास्त झाला, गॅस एकदम सुटला, आणि देठाजवळचे मणी पांढरे पडले. निर्यातीच्या मालात असा मणी दिसला की पेटी बाद. त्या आठवड्यात वाचलेल्या विजेची किंमत काढायची मला लाज वाटली. तापमान सांभाळलं होतं, पण द्राक्षाचा जीव तापमानाच्या चढउतारात आणि दवात असतो, हे मला बागायतदाराने समजावलं, पुस्तकाने नाही. तेव्हापासून पॅक केलेल्या द्राक्षाच्या खोलीला मी हात लावत नाही. ती चोवीस तास सारखी चालू द्या.

मग द्राक्षात वाचतं कुठे? प्रीकूलिंगमध्ये, आणि त्याची चावी बागेत आहे. तीस अंशांचा घड दोन अंशांवर आणायला टनामागे २८ युनिट उष्णता काढावी लागते, पंखे धरून विजेचे पंधराएक युनिट. त्याला सहा ते आठ तास लागतात. आता नेहमीचा दिवस आठवा: काढणी अकरापर्यंत रेंगाळते, गाडी दुपारी एकला येते, पॅकिंग होऊन माल प्रीकूलरमध्ये शिरतो चारला. म्हणजे पंखे आणि कॉम्प्रेसर अख्खी संध्याकाळ पूर्ण जोरात, रात्री अकरापर्यंत. हाच माल दव उतरल्या उतरल्या काढून दोन फेऱ्यांत आणला, तर पहिली खेप साडेदहाला प्रीकूलरमध्ये आणि पाच-साडेपाचला बाहेर. शिवाय फेब्रुवारीतल्या सकाळी घड अठरा अंशांचा असतो, म्हणजे सव्वीस-अठ्ठावीसऐवजी सोळाच अंश उतरवायचे. लोड सरकतोही आणि चाळीस टक्क्यांनी घटतोही. ऊर्जा लेखापरीक्षणाच्या इतक्या वर्षांत सर्वांत स्वस्तात मिळालेली बचत मला बागायतदाराच्या पिकअपच्या वेळापत्रकात मिळाली आहे. अडचण एकच, पिकअप कमी आणि बागा विखुरलेल्या. दिंडोरीच्या एका टोकाहून माल येत असेल तर दोन फेऱ्यांचं डिझेल विजेची बचत खाऊन टाकेल. जवळच्या बागांपासून सुरुवात करा.

वायनरीवाल्यांनीही मला हेच विचारलं होतं. आंबवण सुरू असलेली टाकी थांबत नाही, तिला लागेल तेव्हा गारवा द्यावाच लागतो. पण गारवा वाहून नेणाऱ्या ग्लायकॉल द्रवाची टाकी मोठी असेल तर ती दुपारी गार करून ठेवता येते. फाउंड्रीचं त्याहून अवघड. टनाला साडेपाचशे-सहाशे युनिट खाणारी भट्टी दुपारी लावता येते, पण एकदा धातू वितळला की पाच वाजले म्हणून ती अर्ध्यात सोडून कुणी घरी जात नाही.

तुमच्या सोलरविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न यातच दडलाय. तुमचं सोलर दुपारी वीज करतं आणि दुपारचीच वीज आता स्वस्त झाली. म्हणजे ते तुमच्या बिलातले सर्वांत कमी किमतीचे युनिट वाचवतं, संध्याकाळच्या महाग युनिटला त्याचा स्पर्श नाही. सोलर वाढवायचा विचार असेल तर आधी लोड दुपारी आणा, मग पॅनेल मोजा. उलट क्रमाने गेलात तर विक्रेत्याने दाखवलेला परतफेडीचा काळ तुमच्या हातात लांबत जाईल.

आणि एमडीचा, म्हणजे कमाल मागणीचा सापळा. जुन्या पद्धतीत बिलाला धरायची कमाल मागणी सकाळी ६ ते रात्री १० मधली असायची, म्हणून रात्री कितीही ओढलं तरी एमडीला धक्का लागत नव्हता. ती सवय अंगात मुरलेली आहे. आता ब्लास्ट फ्रीझर, प्रीकूलर, खोली गार करणं, बॅटऱ्या, सगळं सकाळी नऊला एकदम लावलंत तर दोनशे केव्हीएचं कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारातली मंजूर मागणी) ओलांडून मागणी दोनशे तीसवर जाईल आणि जास्तीच्या मागणीला दीडपट दराने आकार लागेल. महिनाभराची टीओडी सूट त्या एका सकाळी जाऊ शकते. सोलर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, ढग आला की तो आधार निघून जातो. प्रत्येक जड मोटरला पंधरा-वीस मिनिटांचं अंतर द्या.

हे अंतर फक्त तुमच्या एमडीसाठी नाही, आणि इथे तुमच्या शेवटच्या प्रश्नाला येतो. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. देशाची मागणी काही मिनिटांत ३१,०८९ मेगावॉटने पडली. एवढी वीज एकदम नकोशी होणं हे एवढी एकदम हवीशी होण्याइतकंच अवघड. जलविद्युत केंद्रांनी ठरल्याप्रमाणे उत्पादन भराभर उतरवलं, पुन्हा चढवलं, आणि ग्रिड उभं राहिलं. कारण दोन दिवस आधी कळलं होतं आणि तयारी झाली होती. आता कल्पना करा, राज्यातला प्रत्येक कारखाना सवलतीचा तास सुरू होताच त्याच मिनिटाला बटण दाबतोय, तेही रोज.

गावाकडे याचं छोटं रूप सगळ्यांनी पाहिलंय. लाइट आली की ऑटोस्विचवरच्या सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात, व्होल्टेज बसतं आणि डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळतो. मग आठ दिवस डीपीची वाट पाहणं. सगळ्यांनी मिळून केलेली एकच गोष्ट किती महाग पडते, हे शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून टायमर लावताना नेमक्या नऊचा लावू नका. नऊ बारा, नऊ एकतीस असा लावा.

राज्याची कमाल मागणी आता तीस हजार मेगावॉटच्या घरात आहे. त्यात तुमचे दीडशे किलोवॉट म्हणजे समुद्रात तांब्या. पण तुमच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनमधला पॉवर ट्रान्सफॉर्मर पाच किंवा दहा एमव्हीएचा असतो. निफाड, पिंपळगाव, ओझर या पट्ट्यातली द्राक्षाची पॅकहाउसं फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच वेळी धावतात. अशा पन्नास पॅकहाउसांनी शंभर-शंभर किलोवॉट संध्याकाळमधून दुपारी नेले तर पाच मेगावॉट होतात, म्हणजे एका सबस्टेशनचा अख्खा ट्रान्सफॉर्मर. त्याच परिसरात कृषी वाहिन्यांसाठी सौर प्रकल्प उभे राहत असतील तर दुपारी तिथलीच वीज तिथेच संपते, तारांमधून वर ढकलावी लागत नाही. मदत होते ती इथे, आणि ती दिसते संध्याकाळी न पडलेल्या व्होल्टेजमध्ये. आयोगाने २०२४ मध्ये मागणी-लवचीकतेचे विनियम आणून वितरण कंपन्यांवर त्याचं उद्दिष्टही टाकलंय, तेव्हा पुढेमागे 'अमुक दोन तास लोड कमी करा, मोबदला देतो' असा निरोप तुम्हाला येऊ शकतो. आला तर फक्त गोठवलेल्या खोलीचा लोड देऊ करा, प्रीकूलरचा नाही.

थोडं विषयांतर करतो. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा लवचीक ग्राहक कोण होता, माहीत आहे? शेतकरी. राज्यात ४५ लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत, आणि त्यांना वर्षानुवर्षं काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी आठ-दहा तासांची थ्री फेज मिळाली. रात्रीच्या विजेचा प्रश्न ग्रिडने असा सोडवला की माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात उभा. निफाड-सिन्नरकडे त्या अंधारात बिबट्याही असतो. यंत्र वाकवायचं सोडून माणूस वाकवला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॉटचं उद्दिष्ट ठेवून हा लोड आता उन्हाच्या वेळेत आणला जातोय. लोड सरकवण्याचं इतकं मोठं काम राज्यात दुसरं नाही, आणि यात सरकणाऱ्याची झोपही परत मिळते.

तिथेही दिवसाची वीज सगळ्याला पुरी पडते असं नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर घसरतो तेव्हा बागायतदार पहाटे विहिरीचं कोमट पाणी ठिबकला सोडतो, बागेत शेकोट्या पेटवतो, नाहीतर मणी तडकतात. त्या पहाटे चारच्या मोटारीला 'दुपारी चालव' म्हणणाऱ्याने एकदा तिथे जाऊन उभं राहावं. ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांचं बाकी पाणी दुपारचं होऊ शकतं: वीस लाख लिटर तीस मीटरवरून चढवायला साडेतीनशेच्या वर युनिट लागतात, ते उन्हात खर्चले की पुढे ठिबकला छोटी मोटर पुरते.

तुमच्याकडे परत. रात्रपाळीतल्या बायकांचा आणि हेल्परांचा विचार या हिशोबात कुठे लिहायला जागा नसते, पण ब्लास्ट फ्रीझर दिवसा आला तर रात्रीची दहा-बारा माणसं मोकळी होतात. त्यांच्या रात्रभत्त्याचं काय ते आधी बोलून घ्या, नाहीतर बदल कागदावरच राहतो. मी दोन ठिकाणी हा विरोध चुकीने 'अज्ञान' समजलो होतो. तो भत्त्याचा प्रश्न होता.

सुरुवात अशी करा. मीटरचा पंधरा-पंधरा मिनिटांचा लोड डेटा महावितरणच्या कार्यालयातून किंवा तुमच्या पॅनेलच्या मीटरमधून काढा. दिवसाचे ९६ आकडे, एका महिन्याचे. त्यावर हाताने खुणा करा: हा ब्लास्ट फ्रीझर, हा प्रीकूलर, हा डिफ्रॉस्ट. कुठला उंचवटा कशाचा हे ओळखता आलं नाही तर त्या संध्याकाळी स्वतः पॅनेलसमोर बसा आणि एकेक फीडरवर (पॅनेलमधून निघणाऱ्या लाइनवर) क्लॅम्प मीटर लावा, म्हणजे तार न तोडता प्रवाह मोजता येतो. दोन संध्याकाळी जातील. मग डिफ्रॉस्टचा टायमर, मग ब्लास्टची पहिली बॅच, आणि गोठवलेल्या खोलीचं बंद करणं सगळ्यांत शेवटी. तेही आधी तासभर, मग दोन, प्रोब बघत बघत.

डेटा मला पाठवणार असाल तर मार्चचा पाठवा. ऑगस्टचा नको, तेव्हा तुमचे निम्मे कॉम्प्रेसर झोपलेले असतात.